मशीन रूमच्या दाराशी

३ फेब्रुवारी

लग्नाआधी वायरमनचा कोर्स केला होता. त्याचं प्रमाणपत्र इतकी वर्षं कपाटात कपड्यांखाली पडून होतं. आज ते कोल्ड स्टोरेजच्या साहेबांच्या टेबलावर गेलं आणि मी मशीन रूमची शिकाऊ ऑपरेटर झाले. शिकलेलं विसरू नये म्हणून ही वही.

शिकवणारे कोण, तर माझे सासरे. बाबा इथले मुख्य ऑपरेटर. निवृत्तीला फार दिवस राहिलेले नाहीत, पण कुणी नुसता विषय काढला तरी त्यांचा चेहरा पडतो. "तो कॉम्प्रेसर माझी सवत आहे," असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, आणि त्यात थट्टा थोडी कमीच असते.

आज बाबांनी मला दोन नळ्या दाखवल्या. एकाच यंत्राच्या, शेजारी शेजारी. एक इतकी तापलेली की जवळ हात नेला तरी झळ लागते, आणि दुसरीवर जाड पांढरा बर्फ. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

बाबा म्हणाले, "आपण थंडी तयार करतो असं लोकांना वाटतं. थंडी अशी काही वस्तूच नाही, सूनबाई. आत सफरचंदांच्या अंगात उष्णता आहे. ती नळ्यांतला अमोनिया वायू उचलतो, बाहेर आणून टाकतो, परत रिकाम्या हाताने आत जातो. आपण सगळे हमाल."

एवढी मोठी इमारत, डोंगरासारख्या पेट्या, आणि हे सगळं म्हणजे नुसती हमाली. घरी येईपर्यंत मी रस्त्यातल्या प्रत्येक भिंतीला, दगडाला हात लावून बघत होते, यांच्यात किती उष्णता भरलीय म्हणून. लोकांना वेड लागलेली बाई वाटली असेन.

मलाच का आणलं, हे मात्र कळलेलं नाही. मागच्या महिन्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वास आला तशी तिथूनच ओरडले, की खाली गॅसचं बटण चालू राहिलंय. बाबा शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते. काय ती एकाग्रता! त्याच संध्याकाळी त्यांनी आईंना सांगितलं, हिला मी मशीन रूमला नेतो. माझा खणखणीत आवाज आवडला असावा. यंत्रांच्या गोंगाटात तसाच लागतो.

५ फेब्रुवारी

आज यंत्राला हात लावू दिला नाही. आधी पळायला शीक, म्हणाले.

मास्क मशीन रूमच्या बाहेर, दाराशेजारच्या पेटीत असतो. मी शहाणपणा केला, की आत ठेवला तर हाताशी राहील. बाबा म्हणाले, "विहिरीत पडल्यावर लागणारा दोर विहिरीत ठेवतेस का?" यंत्र बंद करायचं लाल बटणही बाहेरच. छपरावर कापडी मोजा बांधलाय, तो वाऱ्याने फुगतो. गळती झाली तर तो जिकडे उडतोय त्याच्या उलट दिशेला पळायचं. अंगावर अमोनिया उडाला तर पाणी, पाणी आणि पाणीच. चोळायचं नाही, मलम लावायचं नाही. आणि आत एकट्याने कधीही जायचं नाही.

अमोनिया त्यांना आवडतो असं दिसतं. म्हणाले, घरातल्या एसीचे बरेच गॅस वास न देता खोलीतली हवा ढकलून देतात. बंद जागेत माणूस झोपल्यासारखा जातो. अमोनिया तसा नाही. जिवावर बेतायच्या कितीतरी आधी तो नाकाला सांगतो. चोरासारखा येत नाही, दार वाजवून येतो.

दाराशी एक गंमत झाली. दार उघडलं की बाबा उंबऱ्यावर थांबतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मग आत पाऊल टाकतात. आज मला उग्र वास आला, मी नाक आक्रसलं. बाबा लगेच मागे सरले. गंधकाची कांडी पेटवून ती एकेका सांध्यापाशी फिरवली, आणि एका व्हॉल्व्हपाशी पांढरा धूर उठला. किंचितशी गळती होती. स्वतः त्यांनी नाकपुडीसुद्धा हलवली नव्हती. मी आपली लहान पोरीसारखी तोंड वाकडं करून उभी. मला फार लाज वाटली.

११ फेब्रुवारी

आज पाणी विस्तवाशिवाय उकळताना पाहिलं.

साहेबांच्या ऑफिसातल्या एसीची नळी बदलायची होती. बरोबर दुसरा ऑपरेटर होता. त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण त्याचं तोंड झोपेतही बंद नसतं. त्याने गळती तपासायला ढकलत ढकलत ऑक्सिजनची टाकी आणली. बाबा असे कडाडले की मौनी खरोखरच मौनी झाला. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल यांची गाठ पडली तर साहेबांचं ऑफिस साहेबांसकट रस्त्यावर. नळीत भरायचा तो नायट्रोजनच.

मग नळीतली हवा ओढून घ्यायला पंप लावला. बाबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी एका जाड काचेच्या भांड्यात पाणी घेतलं आणि तोच पंप त्याला जोडला. थोड्या वेळाने पाण्याला बुडबुडे आले. मग खळाखळा उकळायला लागलं. मी भांड्याला हात लावला, तर गार. "वरचं हवेचं ओझं काढलं की पाणी खोलीतल्या एवढ्याशा उष्णतेनेही उकळतं," बाबा म्हणाले. "नळीत चुकून राहिलेला ओलावा असाच वाफ करून बाहेर काढायचा. नाहीतर तो आत बर्फ होऊन बसतो." मी परत परत हात लावून बघत होते. शाळेत कुणी हे दाखवलं असतं तर मी शाळा सोडलीच नसती.

घरी मात्र वातावरण तापलेलं. आईंची भाजी आज करपली होती. मीसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. बाबा आईंकडे बघून म्हणाले, "छान झालीय." आईंना वाटलं टोमणा मारला. काल इतकी सुरेख झाली होती तेव्हा हा माणूस गप्प, आणि आज छान म्हणतो! "गाढवाला गुळाची चव काय," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. कामावर इतकं बारीक लक्ष असलेला माणूस घरी असा कसा वागतो? थोर माणसांचं असंच असतं म्हणतात.

१८ फेब्रुवारी

मी ठरवलंय, नाक मुरडायचं नाही.

बाबा ज्या वासात शांत उभे राहतात त्यात मला उभं राहता येत नसेल तर शिकून उपयोग काय? रोज दाराशी ते माझ्याकडे बघतात, आणि मी रोज नापास होते. हल्ली मी वास आला की दात चावते, कपाळाची शीर हलू देत नाही आणि भिंतीवरच्या दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत राहते. आज जमलं. वास होता, थोडा, पण होता. बाबांनी बघितलं, माझ्या तोंडावर काही नव्हतं, आणि ते सरळ आत गेले. आत मौनी म्हणाला, "वहिनी, तुम्ही सासऱ्यांवर गेलात." सून सासऱ्यावर कशी जाईल, पण मला आवडलं.

बाबांची आणखी एक गोष्ट मला थक्क करते. इतकं तयार नाक असून ते स्वतःवर विसंबत नाहीत. सारखी गंधकाची कांडी पेटवत असतात. बाकीचे हसतात, म्हातारा भित्रा झालाय म्हणतात. मला तर वाटतं, खरा जाणकार असाच असणार.

२४ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत बाबांनी एकदम विचारलं, "सूनबाई, तुला वास येतो ना गं हल्ली?"

मी अभिमानाने सांगितलं, "येतो की. पण आता काही वाटत नाही, चालतं."

त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, "चालायला नको." आणखी काहीतरी बोलणार होते, पण मौनी आला आणि त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची गोष्ट सुरू झाली. ती गोष्ट सुरू झाली की दुसऱ्या कुणाला बोलायला मिळत नाही.

शिष्याने लवकर फुशारकी मारू नये, एवढंच त्यांना सुचवायचं असणार. कानाला खडा.

२ मार्च

अक्षर वाकडं येतंय. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी नेहमीसारखं दार उघडलं. वास रोजच्यापेक्षा जास्त होता. बाबा उंबऱ्यावर थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी दगडासारखा चेहरा केला. इतका चांगला मला आजवर जमला नव्हता. बाबा आत गेले.

मी त्यांच्या मागे होते. डोळे चुरचुरायला लागले. मी मनात म्हणत होते, आज मोठी परीक्षा आहे. बाबा मागच्या टाकीच्या पलीकडे वळले आणि दिसेनासे झाले. मग खोकला ऐकू आला. बाबांचा असा खोकला मी कधी ऐकलेला नाही, कुणीतरी आतून फाडत असल्यासारखा. मी वाकून बघितलं तर ते डोळ्यांवर हात धरून भिंत चाचपत होते, आणि दाराकडे यायचं सोडून धूर जिथून येत होता तिकडेच चालले होते.

मी त्यांच्याकडे धावणार होते. एक पाऊल टाकलंही. मग पाय आपोआप उलटे फिरले. विहिरीचा दोर. बाहेर आले, लाल बटण दाबलं, पेटीतला मास्क चढवला, मौनीला ओरडून सांगितलं की आतल्या खोल्यांत सफरचंदं निवडणाऱ्या बायकांना बाहेर काढ, मोज्याच्या उलट बाजूला ने, आणि मग आत गेले. त्या क्षणभरात बाबांना सोडून पळाले असं मला अजून वाटतंय. पण मास्क नसता तर आम्ही दोघं तिथेच पडलो असतो.

बखोटीला धरून ओढत आणलं. नळाखाली बसवलं. डोळ्यांवर पाणी, तोंडावर पाणी, अंगावर पाणी. मौनीने पेटीतला दुसरा मास्क लावून मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि त्या सगळ्या वेळात एक अक्षर बोलला नाही.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. छाती सुजलीय, पण भरून येईल. डोळे वाचले. माझा जीव भांड्यात पडला.

मला एकच कळत नाही. वास मला दाराशीच आला होता. मग बाबांसारखा माणूस आत का गेला?

४ मार्च

आता कळलं. मी किती मूर्ख आहे हे लिहायला या वहीत पानं पुरणार नाहीत.

आई औषध आणायला गेल्या होत्या. बाबांचा आवाज घोगरा झालाय. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, मला वास येत नाही."

मला वाटलं, परवापासून. मी म्हटलं, सूज उतरली की येईल.

"परवापासून नाही. मागच्या वर्षीचा ताप आठवतो? त्यातून उठलो आणि चहाला वास नव्हता. वाटलं येईल परत. नाही आला. अमोनिया अगदी डोळ्यांत घुसेपर्यंत मला पत्ता लागत नाही."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"नाक गेलेल्या माणसाला मशीन रूममध्ये कोण ठेवेल?" मग म्हणाले, "म्हणून तुला आणलं. शेगडीशेजारी बसून मला गॅस कळला नाही, तुला गच्चीवर कळला. दाराशी तू नाक मुरडलंस की मी थांबायचो. नाही मुरडलंस की जायचो. त्या दिवशी तुझं तोंड अगदी स्वच्छ होतं."

महिनाभर मी ते तोंड स्वच्छ ठेवायला शिकत होते. त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून. त्यांच्याजवळ जे एक साधन उरलं होतं ते मी रोज थोडं थोडं बिघडवत होते, आणि रात्री वहीत स्वतःची पाठ थोपटत होते. रागही आला. मला आधीच सांगितलं असतं तर मी दाराशी उभी राहून बोंब मारली असती. मला नाक म्हणून नेलं आणि मला वाटलं शिष्या म्हणून नेलं.

मग ते म्हणाले, "आता तुला माहीत झालंय. उलट बरंच झालं. तू सांगायचं, मी करायचं. दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नाही. निवृत्त होईपर्यंत एवढं सांभाळ."

त्यांचे डोळे लाल होते, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होते. मी हो म्हटलं.

६ मार्च

हो म्हणायला काय लागतं. सांभाळायला लागतं.

आईंनी आज त्यांच्यासाठी पातळ, सोसवेल असं काहीतरी मन लावून केलं. बाबा जेवले आणि काहीच बोलले नाहीत. वासच नाही, तर चव कुठून कळणार. आई ताट उचलताना म्हणाल्या, "मरणाच्या दारातून आलात, तरी एक शब्द तोंडातून निघत नाही." नंतर स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "माझ्या हातची चवच गेली असेल गं, म्हातारपणी जाते म्हणतात." मला सगळं माहीत होतं आणि मी ओटा पुसत राहिले.

१२ मार्च

सकाळी उठले ती शिंकत. सर्दी. नाक दगड.

बाबांचा परत कामावर जायचा आज पहिला दिवस. रस्त्यात बेकरी लागते, तिथून रोज ताज्या पावाचा वास येतो. आज आम्ही दोघं तिच्यासमोरून गेलो आणि दोघांनाही काही नाही. तेव्हा माझी पाचावर धारण बसली. आतल्या खोल्यांत त्या सगळ्या बायका सफरचंदं निवडतात, गाणी म्हणतात, एकमेकींची थट्टा करतात. मशीन रूममध्ये जाणकार माणूस आहे या भरवशावर त्या निर्धास्त असतात. आणि तो भरवसा आज माझ्या चोंदलेल्या नाकात अडकला होता.

दार उघडलं. बाबा उंबऱ्यावर थांबले आणि सवयीने माझ्याकडे बघितलं.

"बाबा, आज माझ्या तोंडावर काही दिसणार नाही. मला सर्दी झालीय."

ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी मान वळवली आणि मागे उभ्या मौनीच्या तोंडाकडे बघायला लागले. मौनी बिचारा हसत हसत मेव्हण्याबद्दल सांगत होता. त्याला काय माहीत, आपल्या चेहऱ्यावर काय टांगलंय ते.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "आधी साहेबांना सांगायचं."

"सूनबाई, बाजूला हो."

मी सासऱ्यांना आजवर उलट बोललेली नाही. आजही बोलले नाही. नुसती उभी राहिले. मौनी हसायचं थांबला. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत कॉम्प्रेसरकडे एकदा बघितलं आणि वळून ऑफिसकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. ऑफिसचं दार उघडंच होतं.

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. "साहेब, माझं नाक गेलंय. वर्षाहून जास्त झालं. मी लपवलं. त्या दिवशी मी मेलो असतो ते वेगळं, पण मी इतरांना मारलं असतं."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आजपासून तुम्ही आत जायचं नाही. बाकीचं नंतर बघू." बाबांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

अमोनियात न हलणारा माणूस मी महिनाभर डोळे विस्फारून बघत होते, आणि ते काहीच नव्हतं, त्यांना वासच येत नव्हता. इथे मात्र आपण काय गमावतोय हे त्यांना लख्ख कळत होतं, ते घाबरले होते, आणि तरी बोलले. मी ऑफिसच्या दाराशी उभी राहून बघत राहिले. विस्तवाशिवाय उकळणारं पाणी बघून झालं नव्हतं तसं मला झालं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आता घरी सांगायचंय. तिथे तू बरोबर राहा. साहेबांपेक्षा ते अवघड आहे."

१२ मार्च, जेवणानंतर

सांगितलं. पानावर बसल्यावर, मान खाली घालून.

आई वाढता वाढता थांबल्या. पळी हातात तशीच. "म्हणजे इतके दिवस कशालाच चव नव्हती?"

"खारट, गोड कळतं थोडं. बाकी सगळं सारखंच."

"मग मधूनच छान झालंय म्हणायचात ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणायचो," बाबा म्हणाले. "तू खुशीत दिसलीस की वाटायचं, आज जमलं असणार."

करपलेल्या भाजीच्या दिवशी शेजारीण आली होती आणि आई बराच वेळ हसत होत्या, हे मला तेव्हा आठवलं. आईंनाही आठवलं असावं. त्यांनी बाबांच्या पानात भाजी वाढली, स्वतः एक घास घेतला, नीट चावला, आणि म्हणाल्या, "आज बरी झालीय. मिरपूड जास्त पडलीय थोडी. आणि आलं घातलंय त्याचा वास येतोय, चांगला येतोय. खरं सांगतेय."

बाबांनी घास उचलला आणि डोळे मिटून खाल्ला.